पाटीवर ‘आर्तोस’, तोंडी ‘प्सोमी’

ग्रीसमधल्या थेसालोनिकीत मी राहत होते त्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक बेकरी होती. पाटी होती ‘आर्तोपोलीओ’ अशी. ‘आर्तोस’ म्हणजे पाव. प्लेटोच्या काळीही पावाला हाच शब्द होता. पण सकाळी सात वाजता त्या दुकानात उभ्या असलेल्यांपैकी एकही माणूस ‘आर्तोस’ मागत नाही. सगळे ‘प्सोमी’ मागतात. ‘आर्तोस’ उरलाय तो पाटीवर आणि चर्चच्या प्रसादात. दोन दुकानं सोडून मासळीवाला. पाटीवर ‘इख्थिओपोलीओ’, आणि आत बर्फावर मांडलेला मासा मात्र ‘प्सारी’. पाणी पुस्तकात ‘इदोर’, घशाखाली उतरतं ते ‘नेरो’. घर औपचारिक कागदावर ‘इकोस’, संध्याकाळी परत जायचं ते ‘स्पीती’.

विद्यापीठातल्या आमच्या बाईंनी पहिल्याच तासाला हे शब्द फळ्यावर दोन रकान्यांत लिहिले. म्हणाल्या, इथून पुढे रस्त्यानं चालताना डोळे पाटीवर ठेवा आणि कान माणसांकडे. वर्गातल्या एका जर्मन मुलाला ते फार जड गेलं. सहा वर्षं प्राचीन ग्रीक शिकून आलेला, होमर मुळातून वाचलेला मुलगा. डाव्या रकान्यातलं सगळं त्याला पाठ होतं आणि उजव्या रकान्यातलं काहीच येत नव्हतं. मला त्यात नवल वाटलं नाही. ‘केशकर्तनालय’ अशी पाटी असलेल्या दुकानात ‘न्हाव्याकडे जाऊन येतो’ म्हणून जाणाऱ्या माणसांत मी वाढले. ‘उपाहारगृहा’त शिरून कोणी उपाहार मागत नाही, भजी मागतो.

उजव्या रकान्यातले शब्द गावठी किंवा भ्रष्ट मुळीच नाहीत. ‘प्सोमी’चा मूळ अर्थ घास. ‘नेरो’ हा ‘ताजं पाणी’ या जुन्या शब्दजोडीतला ‘ताजं’ एवढाच उरलेला भाग. ‘क्रासी’ म्हणजे वाइन, आणि मुळात मिसळण, कारण जुने ग्रीक वाइनमध्ये पाणी घालून पीत. ‘प्सारी’ची गोष्ट मला सगळ्यांत आवडली. पावाबरोबर खायच्या पदार्थाला जो जुना शब्द होता, त्याच्यापासून तो आला आहे. म्हणजे मासा या भाषेत चक्क तोंडीलावणं आहे. हे शब्द राजवाड्यात घडले नाहीत, चुलीपाशी घडले. तीन हजार चारशे वर्षं जिचे लेखी पुरावे मिळतात अशी ही भाषा. ती जिवंत राहिली ती या उजव्या रकान्यामुळे, असं माझं मत त्या वर्गात बनलं आणि ते आजही बदललेलं नाही.

*

‘ग्रीक शिकायला चाललेय’ असं मी घरी सांगितलं तेव्हा बहुतेकांना वाटलं की सॉक्रेटिस, अलेक्झांडर, फार तर पायथागोरसचा सिद्धान्त. आज एक कोटीहून अधिक माणसं ही भाषा बोलतात, तिच्यात भांडतात, वीजबिलं भरतात, मुलांना झोपवतात, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. जगातल्या विद्यापीठांतही बराच काळ तसंच होतं. प्राचीन ग्रीकचे विभाग शतकानुशतकं जुने. आधुनिक ग्रीक नंतर, आणि तेही कडेच्या खोलीत. पश्चिम युरोपात तर प्राचीन ग्रीकचा उच्चारच वेगळा शिकवतात. सोळाव्या शतकात इरॅस्मसनं मांडलेल्या पद्धतीचा. त्यामुळे तिकडचा पंडित अथेन्सला उतरला की ‘बीटा’ म्हणतो आणि समोरचा टॅक्सीवाला ‘वीता’ म्हणतो. दोघांनाही वाटतं की चूक दुसऱ्याची.

आमचा वर्ग थेसालोनिकीच्या अॅरिस्टॉटल विद्यापीठातला. विद्यापीठ १९२५ सालचं, आणि परदेशी विद्यार्थ्यांना आधुनिक ग्रीक शिकवणारी इथली शाळा १९७० सालची. वर्गात अल्बानियाची एक नर्स होती. तिचा नवरा इथे गवंडीकाम करत होता आणि तिला इथल्या रुग्णालयात नोकरी हवी होती. जॉर्जियाची एक आजी होती. तिचे पूर्वज काळ्या समुद्राकाठचे ग्रीक, भाषा मात्र रशियन. एक सर्बियन पाद्री, एक चिनी मुलगी, तो जर्मन, आणि मी. सगळ्यांचं लक्ष मे महिन्यात होणाऱ्या ‘एलिनोमाथिआ’ परीक्षेवर. थेसालोनिकीचंच ग्रीक भाषा केंद्र ती परीक्षा घेतं, आणि त्या प्रमाणपत्रावर पुढचा प्रवेश, नोकरी, असं बरंच काही अवलंबून असतं.

मराठी माणसाला या भाषेत काही दारं आपोआप उघडतात. इंग्रजीतून येणारा तीन लिंगांपाशी अडखळतो, हिंदीतून येणाराही. आपल्याला तो, ती, ते जन्मापासून आहे. ग्रीकमध्ये प्रत्येक नामाआधी ‘ओ’, ‘ई’ किंवा ‘तो’ लावतात: ओ आंद्रास म्हणजे पुरुष, ई यिनेका म्हणजे बाई, तो पेदी म्हणजे मूल. मूल नपुंसकलिंगी, अगदी आपल्यासारखं. ‘मुलगी’ हा शब्दही त्यांच्याकडे नपुंसकलिंगी आहे, तो कोरीत्सी. याचा वर्गात सगळ्यांना अचंबा वाटला. मला सावंतवाडीकडची माझी आत्या आठवली. ती नातीला ‘तां चेडू खंय गेलां?’ म्हणून हाका मारायची. ग्रीकमध्ये ‘तू’ आणि ‘तुम्ही’ वेगळे आहेत, हाक मारताना नावाचं रूप बदलतं, आणि ‘मला जायचंय’ म्हणण्यासाठी ते ‘मी जावं असं मला वाटतं’ अशा घाटाचं वाक्य करतात, थेलो ना पाओ. ‘लिहीन’ आणि ‘लिहीत राहीन’ यांना तिथे क्रियापदाची दोन निरनिराळी रूपं लागतात. इंग्रजीतून शिकणाऱ्यांचा या भेदावर महिना जातो. मला एका दुपारीत कळला, कारण तो भेद मी मराठीत रोज करते.

एक सवय मात्र मोडावी लागली. ‘ने’ म्हणजे होय. मराठी कानाला तो नकार वाटतो. आणि नकार देताना ग्रीक माणूस मान किंचित मागे टाकून जिभेनं ‘च्यक्’ करतो. तो आवाज मात्र हुबेहूब आपला.

आघाताचं प्रकरण जास्त गंभीर. ‘पोते’ या शब्दात पहिल्या अक्षरावर जोर दिला तर अर्थ ‘केव्हा?’, दुसऱ्यावर दिला तर ‘कधीच नाही’. ‘दुल्या’ म्हणजे काम. तोच शब्द आघात हलवून ‘दुलीया’ केला की गुलामगिरी. बाईंनी हे सांगितलं तेव्हा अल्बानियाची नर्स काही बोलली नाही, फक्त ते दोन शब्द वहीत एकाखाली एक मोठ्या अक्षरांत लिहिले.

शुद्धलेखन तर आपल्या ऱ्हस्व-दीर्घाला मागे टाकील असं. ‘ई’ हा एकच उच्चार पाच-सहा तऱ्हांनी लिहितात, कारण अडीच हजार वर्षांपूर्वी ते स्वर निरनिराळे होते. उच्चार एकत्र आले, लिपी जागची हलली नाही. श्रुतलेखनाच्या तासाला माझी वही लाल होऊन परत यायची.

*

त्या दोन रकान्यांसाठी माणसं मेली आहेत. आधुनिक ग्रीकचा विद्यार्थी दुसऱ्या सत्रात या इतिहासापाशी येतो, आणि मला वाटतं, खरा अभ्यासक्रम तिथूनच सुरू होतो.

अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये राहणारे विद्वान आदामांतिओस कोराईस यांच्यापुढे प्रश्न होता की उद्या देश तुर्कांपासून स्वतंत्र झाला तर त्याची भाषा कोणती. लोक बोलत होते त्या ग्रीकमध्ये तुर्की, इटालियन, स्लाव शब्दांची भर पडली होती. कोराईस यांनी मधला मार्ग काढला: लोकांची भाषाच घ्यायची, पण तिच्यातले परके शब्द निवडून काढायचे आणि तिला जुन्या ग्रीकचा साज चढवायचा. शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोशात फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द बसवले, तो प्रयत्न ज्याला माहीत आहे त्याला कोराईस यांचा हेतू समजावून सांगावा लागत नाही. पण त्यांच्या मागून आलेल्यांना मधला मार्ग पुरला नाही. भाषा वर वर चढत गेली आणि ‘काथारेवुसा’ म्हणजे ‘शुद्ध’ भाषा तयार झाली. ती कोणाचीच मायबोली नव्हती. १८३७ साली अथेन्सचं विद्यापीठ सुरू झालं. व्याख्यानं, कायदे, वृत्तपत्रं, पाठ्यपुस्तकं सगळी त्याच वळणाची. घरात मात्र ‘दिमोतिकी’, लोकांची भाषा. शाळेत गेलेलं पोर पहिली गोष्ट शिकायचं ती ही, की आई बोलते ते चूक.

१८८८ साली प्सिहारिस या पॅरिसमधल्या ग्रीक भाषाशास्त्रज्ञानं ‘माझा प्रवास’ हे पुस्तक दिमोतिकीत लिहून या सगळ्यावर हल्ला चढवला. ही इतिहासाच्या पुस्तकांतली सर्वमान्य सुरुवात. पण मला या कथेत एक पाऊलवाट सापडली, ती थेट मुंबईकडे येते.

कापसाच्या व्यापारातलं ‘राली ब्रदर्स’ हे नाव आपल्याकडच्या जुन्या माणसांनी ऐकलेलं असेल. खिऑस बेटावरच्या कुटुंबाची ही पेढी. लंडन, मँचेस्टर, लिव्हरपूल, कलकत्ता असा तिचा पसारा, आणि १८६० च्या दशकापासून मुंबईतही. अमेरिकेतल्या यादवी युद्धानं तिथला कापूस बंद पडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, तो हा काळ. याच नावाचा वारसा आज कीटकनाशकांच्या डब्यांवर ‘रॅलीस’ म्हणून विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या घराघरांत आहे. ती कंपनी आता टाटा समूहात आहे. तर या राली पेढीत नोकरीला होते आलेक्झांद्रोस पाल्लिस. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी मुंबईत कित्येक वर्षं काढली. त्यांचा एक मुलगा १८८३ साली मुंबईतच जन्मला. दिवसा कापसाचे हिशेब पाहणारा हा माणूस दिमोतिकीचा कट्टर पुरस्कर्ता झाला. होमरचं ‘इलियड’ त्यानं लोकांच्या ग्रीकमध्ये आणलं. त्याचा मित्र आर्गिरिस एफ्तालिओतिस, तोही लेखक, तोही राली पेढीचाच नोकर, आणि तोही मुंबईत राहून गेलेला. याच गोटातला पुढचा कवी-भाषाभ्यासक पेत्रोस व्लास्तोस तर कलकत्त्यात जन्मला.

म्हणजे ज्या भाषेसाठी पुढे अथेन्समध्ये दंगल झाली, तिच्या बाजूचे काही बिनीचे शिलेदार आपल्या फोर्टातल्या कचेऱ्यांत बसून विचार करत होते. मला हे योगायोगाचं वाटत नाही. मायदेशापासून दूर असलेल्या माणसाजवळ भाषा उरते ती आईच्या तोंडची. पाट्या मागे राहतात. लंडन, न्यू जर्सीतल्या मराठी घरांत जन्मलेल्या मुलांचं मराठी ऐकलं की हेच दिसतं: त्यांना ‘दूरध्वनी’ ठाऊक नसतो, ‘जेवायला ये गं’ ठाऊक असतं.

१९०१ च्या शरदात ‘आक्रोपोलिस’ या वृत्तपत्रात पाल्लिसनं केलेलं मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचं दिमोतिकी रूपांतर क्रमशः छापून येऊ लागलं. मूळ शुभवर्तमान ग्रीकमध्येच, पण दोन हजार वर्षांपूर्वीच्या. शेतकऱ्याला ते कळत नव्हतं. त्याला कळेल असं लिहिणं हाच गुन्हा ठरला. अथेन्स विद्यापीठाचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले. विद्यार्थी, हे लक्षात घ्यायला हवं. पुराणमतवादी म्हातारे नव्हेत. नोव्हेंबरमध्ये गोळीबार झाला, आठ माणसं ठार झाली, आर्चबिशपला आणि पंतप्रधानांना पायउतार व्हावं लागलं. गीता मराठीत आणणाऱ्या ज्ञानदेवांच्या भाषेत वाढलेल्या माणसाला हे वाचताना अंगावर काटा येतो. आपल्याकडे गाथा बुडवण्याची कथा आहे. तिकडे त्याच रागाला विसाव्या शतकात बंदुकीची गोळी मिळाली.

नंतरचं थोडक्यात सांगते. १९११ च्या राज्यघटनेत राजभाषेला कलमाचं कुंपण घातलं गेलं. १९१७ साली प्राथमिक शाळांत दिमोतिकी शिरली, मग सरकारं बदलतील तशी आत-बाहेर होत राहिली. १९४१ साली मानोलिस त्रियांदाफिलिदिस यांच्या हातून दिमोतिकीचं पहिलं भक्कम सरकारी व्याकरण आलं. हे थेसालोनिकी विद्यापीठाचे प्राध्यापक, आणि या विद्यापीठाचा तत्त्वज्ञान विभाग पहिल्यापासून लोकभाषेचा गड. त्याच वर्षी अथेन्समध्ये काय चाललं होतं? जर्मन ताबा, भयंकर दुष्काळ, रस्त्यात भुकेनं पडलेली प्रेतं. आणि अथेन्स विद्यापीठ आपल्या इओआनिस काक्रिदिस या प्राध्यापकावर खटला चालवत होतं, कारण त्यांनी छापलेल्या पुस्तिकेत शब्दांवरची जुनी आघातचिन्हं पाळली नव्हती. हे प्रकरण ‘आघातचिन्हांचा खटला’ या नावानं प्रसिद्ध आहे. काक्रिदिस यांना शिक्षा झाली. बाईंनी आम्हाला हे सांगताना त्या हिवाळ्याचे फोटोही दाखवले. भिंतीला टेकलेली, हाडं दिसणारी मुलं. वर्गात कोणी वहीत काही लिहून घेतलं नाही.

१९६७ मध्ये लष्करी हुकूमशहा आले आणि त्यांनी शाळांवर पुन्हा काथारेवुसा लादली. त्यांच्या भाषणांची ती फुगीर, जड भाषा हीच शेवटी काथारेवुसाचा अंत करणारी ठरली. लोकांच्या मनात ती बूट आणि बंदुकांशी जोडली गेली. हुकूमशाही १९७४ ला कोसळली, आणि १९७६ च्या कायद्यानं दिमोतिकी शिक्षणाची भाषा झाली. तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांचं आडनाव राल्लिस होतं. त्या पेढीशी त्यांचा संबंध मी जोडत नाही. पण ते आडनाव वाचून थोडा वेळ थबकले. १९८२ साली तीन आघातचिन्हं आणि श्वासाची दोन चिन्हं जाऊन एकच चिन्ह उरलं. आपल्याकडे १९६२ मध्ये ‘नांव’, ‘गांव’, ‘कांहीं’ यांच्या डोक्यावरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, तसंच. तिकडेही जुन्या चिन्हांवर जीव असलेले कवी आणि प्रकाशक आहेत, ते अजून जुन्या पद्धतीनं पुस्तकं छापतात. आणि त्यांची पुस्तकं देखणी असतात, हेही खरं.

*

भाषेबरोबर संस्कृती शिकवायची म्हणजे काय, यावर लंडनमध्ये फार जुना आणि कडू धडा मिळालेला आहे. १९१९ साली किंग्ज कॉलेजमध्ये कोराईस यांच्याच नावाचं अध्यासन सुरू झालं: आधुनिक ग्रीक व बायझंटाइन इतिहास, भाषा आणि साहित्य यांचं. पैसा बव्हंशी लंडनमधल्या ग्रीकांचा. पहिले प्राध्यापक आर्नल्ड टॉयन्बी, वय तीस. १९२१ साली ग्रीक सैन्य आनातोलियात लढत असताना ते ‘मँचेस्टर गार्डियन’चे बातमीदार म्हणून तिकडे गेले आणि ग्रीक सैन्यानं तुर्की गावांवर केलेल्या अत्याचारांबद्दल त्यांनी डोळ्यांनी पाहिलं ते लिहिलं, १९२२ मध्ये त्यावर पुस्तकही काढलं. देणगीदार संतापले. १९२४ मध्ये टॉयन्बींनी ते पद सोडलं.

या प्रकरणात मी टॉयन्बींच्या बाजूची आहे. पण देणगीदारांचं दुःख मला परकं वाटत नाही. १९२२ मध्ये स्मिर्ना शहर जळालं, आनातोलियातलं हजारो वर्षांचं ग्रीक जीवन संपलं. त्या लोकांची माणसं तिथे मेली होती. पुढच्या वर्षी लोकसंख्येची अदलाबदल ठरली: सुमारे बारा लाख ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले, सुमारे चार लाख मुसलमान तुर्कस्तानात गेले. वाटणीची कसोटी भाषा नव्हती, धर्म होता. त्यामुळे केवळ तुर्की बोलणारे ख्रिस्ती ग्रीसला धाडले गेले आणि केवळ ग्रीक बोलणारे क्रीटचे मुसलमान तुर्कस्तानला. फाळणी पाहिलेल्या देशातल्या वाचकाला मी आणखी काय सांगणार. ग्रीसमध्ये उतरलेल्या त्या निर्वासितांतल्या कित्येकांना थेसालोनिकीत बेकरीची पाटी तर सोडाच, ‘प्सोमी’ हा शब्दही येत नव्हता.

त्यांच्या आणि त्यांच्या आधीच्या पाचशे वर्षांच्या तुर्की राजवटीच्या खुणा भाषेत आहेत. कोराईस यांच्या शिष्यांनी कितीही निवडलं तरी खडे उरलेच. तेच खडे मला ओळखीचे निघाले. ओझी वाहणारा तो ‘हमालिस’. दुर्दशा म्हणजे ‘हाली’. जग ‘दुनियास’, बाजार ‘पाझारी’, हलवा ‘हालवास’. वाइनबरोबर येणारी छोटी बशी ‘मेझे’ ही आपल्या ‘मजे’ची सख्खी बहीण, दोघी एकाच फारसी घरातल्या. उलट दिशेनंही जुना व्यवहार आहे. आपला ‘केंद्र’ हा शब्द ग्रीकांकडून ज्योतिषाच्या वाटेनं आला, ‘होरा’ही तसाच, आणि ‘दाम’ हे ‘द्राख्मी’ या नाण्याचं पोर. थेसालोनिकीच्या बसवर पाटी असते, तिचा उच्चार ‘केंद्रो’. गावात जाणारी बस. पहिल्या दिवशी मी तीत चढले, ती त्या एका शब्दाच्या भरवशावर.

*

विद्यापीठाच्या आवाराखाली स्मशान आहे, हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. थेसालोनिकीचे ज्यू १४९२ नंतर स्पेनमधून आले. शतकानुशतकं या शहरात स्पॅनिश वळणाची लादिनो भाषा गल्लोगल्ली बोलली जायची. शहराच्या भिंतीबाहेर त्यांची अवाढव्य दफनभूमी होती. डिसेंबर १९४२ मध्ये जर्मन ताब्याच्या काळात ती उखडली गेली. थडग्यांचे दगड शहरभर बांधकामांत गेले. मार्च १९४३ पासून आगगाड्या आउश्विट्झकडे निघाल्या आणि सुमारे पन्नास हजार माणसं नेली गेली. युद्धानंतर विद्यापीठ त्या जागेवर वाढलं. आवारात स्मारक उभं राहिलं ते २०१४ मध्ये. हिरवळीत टेकलेले काही दगड आणि मेनोरा, म्हणजे ज्यूंचा दीपवृक्ष. ज्या दिवशी बाई आम्हाला तिथे घेऊन गेल्या त्या दिवशी व्याकरण शिकवलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या की या शहराची भाषा शिकायची तर ती भाषा न बोलणाऱ्यांचंही ऋण मानायला हवं. आमच्या वर्गात या जागेचा उल्लेख झाला, याचं मला त्या विद्यापीठाबद्दल बरं वाटतं. तो व्हायला इतकी वर्षं लागली, याचं वाईट वाटतं.

तिथून चालत खाली गेलं की एग्नातिया आणि वेनिझेलू हे रस्ते मिळतात तो चौक. मे १९३६ मध्ये तंबाखू कामगारांच्या संपात इथे पोलिसांनी गोळ्या चालवल्या. तासोस तुसिस नावाच्या तरुणाच्या प्रेतावर वाकलेल्या त्याच्या आईचा फोटो वृत्तपत्रात आला. तो फोटो पाहून यानिस रित्सोस या कवीनं ‘एपिताफिओस’ हे दीर्घ शोककाव्य लिहिलं. छंद निवडला तो खेडोपाडी बायका मयतावर गातात तो पंधरा अक्षरी, आठावर थांबणारा. मेताक्सासच्या हुकूमशाहीत त्या पुस्तकाच्या प्रती अथेन्समध्ये जाळण्यात आल्या. वीस-एक वर्षांनी मीकिस थेओदोराकिस यांनी त्याला चाल लावली, आणि जे पुस्तक जाळलं गेलं होतं ते दारूच्या गुत्त्यांपासून कारखान्यांपर्यंत लोकांच्या तोंडी गेलं. लोकसंगीताच्या मातीतली चाल, बुझुकी या तंतुवाद्याची साथ. काही सुशिक्षितांना तेव्हा तेही खपलं नाही.

हे काव्य आम्ही वर्गात तीन दिवस वाचत होतो. शब्द फार अवघड नाहीत. आईच्या तोंडचे आहेत. पंधरा अक्षरांचा तो झोका एकदा कानात बसला की अर्थ लय धरून येतो. जात्यावरच्या ओव्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना हे पटेल. जॉर्जियाच्या आजींनी तिसऱ्या दिवशी पुस्तक मिटून ठेवलं आणि डोळे मिटून त्यांच्या गावचं एक शोकगीत त्याच छंदात म्हटलं. त्यांना प्रमाण ग्रीक येत नव्हतं म्हणून त्या आमच्या वर्गात बसल्या होत्या. छंद मात्र त्यांच्या आजीकडून त्यांच्यापाशी आलेला होता. आमच्या बाई उभ्या राहून ऐकत होत्या.

ग्रीक भाषेत कच्चं असणं ही काही लाजेची गोष्ट नाही, हे शिकणाऱ्याला सांगायला खुद्द सेफेरिस आहेत. १९६३ चे नोबेलविजेते. त्यांनी एका निबंधात म्हटलं आहे की आमचे तीन थोर कवी ग्रीक नीट न येणारे होते. त्यांतला सोलोमोस, ज्याच्या कवितेतून ग्रीसचं राष्ट्रगीत घेतलं आहे, इटलीत शिकला आणि आधी इटालियनमध्ये लिहू लागला. कवाफिस अलेक्झांड्रियात वाढला, लहानपणी काही वर्षं इंग्लंडमध्ये होता. सोलोमोस ९ फेब्रुवारीला वारला. तो दिवस ग्रीक भाषेचा दिवस म्हणून पाळतात. आपला २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी. दोन्ही भाषांनी आपला दिवस निवडताना राजाकडे पाहिलं नाही, कवीकडे पाहिलं.

थेसालोनिकीचे लोक स्वतःची ग्रीक अथेन्सपेक्षा वेगळी बोलतात. ‘मला सांग’ म्हणताना अथेन्सकर ‘पेस मू’ म्हणतो, हे ‘पेस मे’ म्हणतात. अथेन्सवाले त्यावरून चिडवतात. आमच्या बाई वर्गात ‘मू’ शिकवत आणि मधल्या सुट्टीत फोनवर ‘मे’ बोलत. परीक्षेत पहिलं लिहा, म्हणायच्या, पण दुसरं ऐकून हसू नका. ‘मले सांग’ म्हणणाऱ्या वऱ्हाडी मैत्रिणीला पुण्यात काय ऐकावं लागलं ते मला माहीत होतं. त्या दिवशी घरी जाऊन मी तिला पत्र लिहिलं.

*

भारतात हा अभ्यास कोणाच्या नावानं चालतो? दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातलं ग्रीक अध्यासन दिमित्रिओस गालानोस यांच्या नावाचं आहे. १७६० साली अथेन्समध्ये जन्मलेला हा माणूस १७८६ मध्ये कलकत्त्याला तिथल्या ग्रीक व्यापाऱ्यांच्या मुलांचा शिक्षक म्हणून आला, आणि सहा-सात वर्षांनी काशीला गेला. पुढची चाळीस वर्षं तो तिथेच राहिला, पंडितांजवळ संस्कृत शिकला, आणि १८३३ च्या मे महिन्यात तिथेच वारला. कोराईस पॅरिसमध्ये वारले ते त्याच वर्षी, महिनाभर आधी. गालानोस यांनी भर्तृहरी आणि भगवद्गीता ग्रीकमध्ये नेली. मृत्युपत्रात त्यांनी आपल्या पैशाचा वाटा अथेन्समध्ये पुढे उभ्या राहणाऱ्या विद्यापीठाला ठेवला. हस्तलिखितंही तिकडे गेली आणि भाषांतरं अथेन्समध्ये छापून निघाली. म्हणजे ज्या विद्यापीठाच्या आवारात पुढे शुभवर्तमानाच्या भाषांतरावरून दंगल पेटली, त्याच्या पायात काशीत जमवलेला पैसा आहे.

गालानोस यांची गीता विद्वानांच्या जुन्या वळणाच्या ग्रीकमध्ये आहे, डाव्या रकान्यातली. त्यांच्या काळात दुसरं सुचणं कठीण होतं. पण पाल्लिसनं मुंबईत असताना तिच्याकडे पाहिलं असतं तर? तो कुठल्या भाषेत तिला नेता, याचा विचार मी समुद्राकाठच्या संध्याकाळी पुष्कळदा केला. ज्ञानेश्वरीचं दिमोतिकी भाषांतर व्हावं, ‘एपिताफिओस’ मराठी ओवीत यावं, आणि ही कामं इंग्रजीच्या पुलावरून न जाता थेट व्हावीत, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी आपल्या मुलामुलींना ग्रीक शिकायला हवं, आणि ते अॅरिस्टॉटलची ग्रीक नव्हे, बेकरीतली. छोट्या भाषांचे विभाग जगभर डोकी मोजून चालवले जात आहेत. सहा विद्यार्थी म्हणजे तोट्याचा वर्ग, असा तो हिशेब. आमचा वर्ग सहा जणांचाच होता.

निघायच्या दिवशी, ऑगस्टच्या अखेरीस, मी बेकरीत शेवटचं प्सोमी घेतलं. बाहेर घाम निथळत होता. पैसे परत देताना काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, ‘कालो हिमोना’. ग्रीसमध्ये उन्हाळ्याची सुट्टी संपत आली की सगळे एकमेकांना असं म्हणतात. शब्द वर्गातल्या बाईंनी आदल्या आठवड्यात शिकवला होता, पण बोलताना ऐकला तो तेव्हाच. ‘हिमोनास’ आणि आपलं ‘हिम’ एकाच मुळातले. त्याच हिमातून आपला ‘हिवाळा’ झाला. बेकरीतल्या बाई म्हणाल्या होत्या, तुला हिवाळा सुखाचा जावो.